यूटीआरचे प्रयोग करताय? या चुका टाळा

"मॅडम, यूटीआर जोडल्याबरोबर ल्युसिफरेज पार तळाला गेलं!" एमएस्सीच्या प्रोजेक्टला आलेली मुलगी आलेख घेऊन माझ्या टेबलाशी उभी होती. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारा ग्रोथ फॅक्टर म्हणजे व्हीईजीएफ. एमआरएनए म्हणजे जनुकाचा संदेश, आणि त्यातल्या प्रथिनात न उतरणाऱ्या दोन टोकांना यूटीआर म्हणतात. व्हीईजीएफचा पाच-प्राइम, म्हणजे सुरुवातीचा, यूटीआर तिनं ल्युसिफरेज या उजेड देणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाआधी बसवला होता. म्हटलं, "आधी सीक्वेन्सची प्रिंट काढ."

पेन्सिल घेऊन आम्ही अक्षर न् अक्षर वाचत गेलो. दोष अगदी जोडावर सापडला. क्लोनिंगसाठी प्रायमरच्या (पीसीआरला लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याच्या) टोकाला तिनं एनडीई-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची जागा घेतली होती. ती जागा वाचतात सीएटीएटीजी. म्हणजे तिच्या पोटातच एटीजी! रायबोसोम पाच-प्राइम टोकाकडून सरकत येतो आणि वाटेत एयूजी (एटीजीचं आरएनएतलं रूप, प्रथिनाच्या सुरुवातीची खूण) भेटलं की बरेचदा तिथूनच प्रथिन बांधायला घेतो. हे एयूजी ल्युसिफरेजच्या फ्रेममध्ये, म्हणजे तीन-तीन अक्षरं वाचण्याच्या क्रमात, नव्हतं. तीन आठवडे आम्ही यूटीआरचा नाही, प्रायमरचा परिणाम मोजत बसलो होतो. एचइंड-थ्रीची जागा घेऊन पुन्हा क्लोन केलं, तेव्हा ल्युसिफरेजवरचा दाब उरला, पण बराच कमी. एसपीएच-वन वापरणाऱ्यांनीही सांभाळा, त्याच्या जागेतही एटीजी आहेच.

एका एयूजीला एवढं महत्त्व का द्यायचं, ते थ्रॉम्बोपोएटिनमध्ये दिसतं. प्लेटलेट तयार करणाऱ्या पेशी वाढवणारा हा ग्रोथ फॅक्टर. त्याच्या पाच-प्राइम यूटीआरमध्ये मुख्य एयूजीच्या आधी छोटे वाचन-पट्टे आहेत आणि ते उत्पादनावर लगाम ठेवतात. एका कुटुंबात स्प्लायसिंगच्या (संदेशाचे तुकडे जोडण्याच्या) बदलामुळे हा लगाम सुटलेला १९९८ मध्ये दाखवला गेला. प्रथिन जसंच्या तसं, फक्त ते जास्त बनतं, आणि माणसाच्या रक्तात प्लेटलेट बेसुमार वाढतात.

नुसता उजेड मोजून निष्कर्ष काढणं

ल्युसिफरेजचा आकडा निम्म्यावर आला म्हणजे भाषांतर (संदेशावरून प्रथिन बनणं) निम्मं झालं, असं सर्रास लिहिलं जातं. पण एमआरएनएच निम्मा उरला असेल तर? त्याच पेशींमधून आरएनए काढा, क्यूपीसीआर (संदेशाचं प्रमाण मोजणारी चाचणी) करा आणि दर एमआरएनएमागे किती प्रथिन, हे गुणोत्तर काढा. आरएनएला डीएनए नष्ट करणाऱ्या डीएनएजची प्रक्रिया दिलीच पाहिजे, नाहीतर ट्रान्सफेक्ट केलेला (पेशीत घातलेला) प्लाझमिड, म्हणजे डीएनएचा गोलच, क्यूपीसीआरमध्ये वाढतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी सोबत ठेवा, म्हणजे तो लगेच पकडता येतो.

तीन-प्राइमची बाजू

१९८६ मध्ये शॉ आणि कामेन यांनी जीएम-सीएसएफ या ग्रोथ फॅक्टरच्या तीन-प्राइम, म्हणजे शेवटच्या, यूटीआरमधला एयू-समृद्ध (ए आणि यू अक्षरांनी भरलेला) तुकडा बीटा-ग्लोबिनला जोडला. एरवी टिकाऊ असणारा ग्लोबिनचा संदेश झपाट्यानं नष्ट होऊ लागला. हा प्रयोग मला अजूनही फार सुंदर वाटतो.

असा ऱ्हास बहुधा शेपटीपासून सुरू होतो, आधी पॉली-ए ही ए अक्षरांची शेपटी झिजते. त्यामुळे सीडीएनए (आरएनएची डीएनए-प्रत) ऑलिगो-डीटी या शेपटीला चिकटणाऱ्या प्रायमरनं बनवलात तर आखूड शेपटीचे संदेश धरलेच जात नाहीत आणि संदेश प्रत्यक्षापेक्षा लवकर संपल्यासारखा दिसतो. कुठेही चिकटू शकणारे रँडम हेक्सामर वापरा. ॲक्टिनोमायसिन-डी (नवं आरएनए बनणं थांबवणारं औषध) देऊन अर्धायुष्य काढत असाल तर हेही लक्षात असू द्या, की हे औषध काही एयू-समृद्ध संदेशांना स्वतःच स्थिर करतं. शक्य असेल तर डॉक्सिसायक्लिननं बंद होणारा प्रमोटर (जनुकाचं वाचन सुरू करणारा डीएनए) घेऊन तेच मोजमाप पुन्हा करून पाहा.

दुसरी गफलत लांबीची. डेटाबेसमधला सर्वांत लांब यूटीआर उचलायचा आणि आपल्या पेशीतही तोच आहे असं धरून चालायचं. बीडीएनएफ या मेंदूतल्या ग्रोथ फॅक्टरला आखूड आणि लांब असे दोन तीन-प्राइम यूटीआर आहेत. उंदरांच्या मेंदूपेशींत आखूड रूपं पेशीच्या मुख्य भागात राहतात, लांब रूपं डेंड्राइटपर्यंतही (पेशीच्या फांद्यांपर्यंत) पोचतात. तुमच्या पेशीत कोणतं रूप आहे ते तीन-प्राइम रेसनं (संदेशाचं शेवटचं टोक शोधण्याच्या पद्धतीनं) आधी बघा, मग क्लोन करा.

आयआरईएस सापडलं, असं वाटतं तेव्हा

व्हीईजीएफचा पाच-प्राइम यूटीआर १,००० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब आणि जीसीनं भरलेला आहे. एकाच संदेशावर दोन ल्युसिफरेज असलेल्या दुहेरी रिपोर्टरमध्ये दुसरं ल्युसिफरेज चमकलं की लगेच आयआरईएस (रायबोसोमला संदेशात मधेच उतरू देणारी जागा) म्हणावंसं वाटतं. पण अशा डीएनएत छुपा प्रमोटर किंवा स्प्लायसिंगची जागा असू शकते. प्रमोटर काढून टाकलेला प्लाझमिड ठेवा. पहिल्या ल्युसिफरेजविरुद्ध एसआयआरएनए (ठरावीक संदेश नष्ट करणारा छोटा आरएनए) द्या. दोन्ही आकडे एकत्र उतरले नाहीत, तर दुसरं ल्युसिफरेज वेगळ्याच संदेशावरून येतंय. (हा यूटीआर पीसीआरला दाद देत नसेल तर डीएमएसओ किंवा बीटेन घालून पाहा.)

पेशींची अवस्था

पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) आणलेल्या पेशी कितीही चांगल्या असल्या, तरी सीरममध्ये ग्रोथ फॅक्टर असतातच. मोजण्याआधी सीरम कमी करा आणि पेशी न घातलेल्या माध्यमाचीही एलायझा (प्रथिन मोजणारी चाचणी) लावा.

हायपॉक्सियात (ऑक्सिजन कमी असताना) आणखी जपावं लागतं. तिथे व्हीईजीएफचं प्रतिलेखन (जनुकावरून संदेश बनणं) वाढतं, एचयूआर या प्रथिनामुळे संदेश जास्त टिकतो आणि एरवीचं भाषांतर मंदावलं तरी व्हीईजीएफचं चालू राहतं. तिन्ही एकदम. पण प्लेट बाहेर काढल्यावर हे प्रतिलेखन वाढवणारा एचआयएफ-वन-अल्फा काही मिनिटांतच नष्ट होऊ लागतो, म्हणून लायसिस बफर बर्फावर तयार असल्याशिवाय चेंबरचं दार उघडू नका. आमच्याकडे एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि १ टक्का ऑक्सिजनवर लावलेल्या सगळ्या प्लेट वाया गेल्या. आता ४८ तासांचा प्रयोग आम्ही शुक्रवारी सकाळी लावतो आणि रविवारी येऊन उतरवतो.