दाजीपूरचे गवे कोकणात कसे उतरले?

राधानगरी अभयारण्याच्या कडेच्या गावांतून गव्यांच्या नोंदी आल्या होत्या. ऊस कुठं तुडवला जातोय, गवे कुठून उतरतात, ते नकाशावर बघायचं होतं. नोंदींच्या अक्षांश-रेखांशांची यादी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि दाजीपूरचे ठिपके थेट देवगड-मालवणच्या बाजूला! घाट उतरून गवे आंबे खायला गेले म्हणावं तर तसंही नाही.

आधी सगळ्यांनी प्रोजेक्शनवर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीवर, खापर फोडलं. पण बाकीचे ठिपके जागच्या जागी होते. मग चुकार ओळी नीट बघितल्या : 16.2310, 73.5215... दशांशानंतरच्या दोन्ही जोड्या कुठंच 59 च्या वर नाहीत. म्हणजे हे दशांश अंश नव्हेतच, 16 अंश 23 मिनिटं 10 सेकंद! काही जणांच्या फोनचं ॲप तसंच दाखवतं, आणि वहीत मधे टिंब पडलं.

मिनिटं भागिले 60, सेकंद भागिले 3600, दोन्ही अंशांत मिळवले : 16.3861, 73.8708. ठिपका जंगलात परत. शंका आली तिथं गावाचं नाव ताडून घेतलं.

अंतरं मीटरमध्ये मोजायला ठिपक्यांचा थर यूटीएम 43 उत्तरमध्ये (मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीचा एक पट्टा) बदलला. कोल्हापूर त्यातच येतं. आता नोंदीच्या तक्त्यात अंश, मिनिटं, सेकंद असे वेगळे रकाने आहेत.