दाढा वाढलेल्या गिनीपिगचे खाणे कसे चालू ठेवावे

गिनीपिगचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात. खालच्या दाढा आत झुकून जिभेवर चढू लागल्या की भूक असूनही त्याला खाता येत नाही. तो कोथिंबिरीकडे धावतो, पान तोंडात धरतो आणि तसेच टाकून देतो. हनुवटी ओली राहते. पशुवैद्याने भूल देऊन दाढा घासून कमी केल्याशिवाय हे सुटत नाही. घरीच नेलकटरने पुढचे दात कापण्याचा सल्ला मुळीच ऐकू नये, कारण त्याने दात उभा चिरतो आणि मागच्या दाढा तशाच राहतात. उपचारापूर्वी आणि उपचारानंतर पोट चालू ठेवणे हे मात्र घरच्यांचे काम आहे. दिवसभर उपाशी राहिलेल्या गिनीपिगचे आतडे मंदावते, म्हणून वाट पाहू नये.

रोज सकाळी स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवावे.

नेहमीचे पेलेट, म्हणजे गिनीपिगचे गोळीखाद्य, मिक्सरमधून बारीक दळून, चाळून, कोमट पाण्यात भिजवावेत. सेरेलॅक, दूधभात, दहीभात यांपैकी काहीही देऊ नये. या पोटाला तंतू लागतो, पिष्ट नव्हे. गिनीपिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही, तेव्हा त्याची मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी.

आता भरवण्याची पायरी. मला सर्वांत जास्त वेळ हीच शिकायला लागला, आणि वाईट सल्लेही हिच्याविषयीच सर्वाधिक मिळतात. मोठी सिरिंज घेऊ नये. एक मिलीलीटरच्या सिरिंजचे निमुळते टोक कापून कडा कानशीने गुळगुळीत करावी, म्हणजे तंतू अडकत नाहीत आणि हिरडीला खरचटत नाही. गिनीपिगला टॉवेलमध्ये सैल गुंडाळून, पाय खाली टेकतील असे मांडीवर बसवावे. त्याला उताणे कधीही धरू नये. अन्न श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला संसर्ग होतो.

पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. सिरिंज समोरून न घालता ओठाच्या कोपऱ्यातून त्या जागेत सरकवावी आणि तिचा रोख घशाकडे नव्हे, तर पलीकडच्या गालाकडे ठेवावा. एका वेळी अर्धा मिलीलीटरहून कमी सोडावे आणि जबडा हलताना दिसेपर्यंत थांबावे. चावणे थांबले की त्याने गिळले असे धरू नये, कारण थकलेला जीव घास तसाच गालात धरून ठेवतो; ओठाची कड हलकेच उचलून पाहावी. खोकला आला किंवा नाकातून पातळ पदार्थ दिसला तर लगेच थांबून डोके खाली झुकू द्यावे, आणि श्वास जड वाटला तर तडक दवाखाना गाठावा. दिवसभरात किलोमागे साधारण 50 मिलीलीटर चार-पाच वेळांत विभागून द्यावे. वजन घटतच राहिले तर प्रमाण पशुवैद्याला विचारून वाढवावे. घाईने एकदाच पोट भरण्याचा हट्ट मला अजिबात मान्य नाही.

सिरिंज सुरू असतानाही समोर गवत हवेच. हरळीची कोवळी पाती आणि वाळलेले गवत कात्रीने बोटाच्या पेराएवढे कापून ठेवावे, ढोबळी मिरचीच्या पातळ पट्ट्या द्याव्यात. पाणी बाटलीसोबत उथळ वाटीतही ठेवावे. तोंड दुखत असेल तर कोणतेही अन्न आवडीचे राहत नाही, म्हणून वेदनाशामक औषध पशुवैद्याकडे आग्रहाने मागावे. माणसांचे औषध देऊ नये. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलीन गिनीपिगच्या जिवावर बेतते.

दाढा घासून आणल्यावर सिरिंज लगेच बंद करू नये. जबड्याचे स्नायू सैलावलेले असतात, आणि कित्येकदा तो चार-आठ दिवस स्वतः पुरेसे खात नाही. लेंड्या पूर्ववत मोठ्या झाल्या आणि सलग काही दिवस वजन टिकले की एकेक वेळ कमी करावी.