आला का रे? : माझी उमेदीची वही

गेल्या श्रावणात मी बाजाराला निघालो होतो. दोन नादुरुस्त पंप पोत्यात बांधलेले, अंगात चौकड्याचा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. कंडक्टरनं वर पाहिलं, गाव विचारलं आणि मशीनमधून तिकीट काढून हातात दिलं. चाळीस रुपये. पूर्ण तिकीट.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. त्याआधी भाडं सगळ्यांना सारखंच, त्यामुळे कंडक्टर आपल्याला काय समजला हे कधी कळायचं नाही. नंतर मात्र दर प्रवासात ते कळू लागलं. कंडक्टर आधी तोंडाकडं पाहायचा, मग छातीकडं, आणि काही न बोलता अर्धं तिकीट द्यायचा. 'पूर्ण द्या' म्हणालो की मागच्या सीटवर हसू फुटायचं. त्या दिवशी माझे वीस रुपये जास्त गेले. ते तिकीट मी घरी आणून वहीत चिकटवलं.

ही वही कशी ठेवायची ते सांगायला लिहितो आहे. तू ट्रान्स असशील, खेड्यात राहत असशील, आणि आपल्यावरचा कायदा बदलणार, आपण कोण हे दुसरंच कुणी ठरवणार असल्या बातम्यांनी तुझी झोप उडत असेल, तर हे तुझ्यासाठी आहे. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मला मुलगी म्हणून लिहिलं, पण मी पुरुष आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या पट्ट्यात राहतो आणि फवारणी पंप दुरुस्त करतो.

वही साधी शंभर पानी पुरते. रोज फार तर एक नोंद, कुणी आपल्याला बरोबर ओळखलं त्याची. तारीख, कोण बोललं, आणि त्याचे नेमके शब्द. आपल्या मराठीत माणूस तोंड उघडतो आणि क्रियापदातच सांगून टाकतो की त्यानं तुला काय मानलं. आला की आली, बसला की बसली. आमच्या वऱ्हाडीत तर त्याच्याही आधी कळतं, कारण बाईला 'वं' आणि पोराला 'रे'. माझी आजी सव्वीस वर्षं मला 'काहून वं?' म्हणत आली. म्हणून माझ्या वहीतल्या नोंदी दिसायला अगदी किरकोळ आहेत. पानठेल्यावरचे काका: 'भाऊ, सुटे हायेत का?' शाळेतलं पोरगं: 'काका, सायकलीत हवा भरून द्या ना.' आणि एक नोंद आजीची. मी दुकानातून घरी आलो, ती चुलीपाशी होती, पाठमोरी. म्हणाली, 'आला का रे?' दुसऱ्या कुणाला म्हणाली असेल म्हणून मी दारातच थांबलो. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं, 'आला का रे? भाकर टाकू?' ते पान मी इतक्यांदा उघडलं आहे की वही तिथंच उघडते.

सुरुवातीला मी चुकीचे शब्दही लिहायचो. कोण 'ताई' म्हणालं, कोण मुद्दाम जुनं नाव घेऊन हाक मारून गेलं. महिनाभरात पानं भरली आणि रात्री तेच वाचून छाती जड व्हायला लागली. मग मी ते बंद केलं. तूही लिहू नको. ती माणसं आपल्याला दिवसा भेटतात तेवढं पुरे. मात्र धमकी, मारहाण, कुणी फोटोवरून पैसे मागणं, घरात कोंडणं, हे वेगळ्या वहीत लिही: तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं. मेसेज पुसू नको, त्यांचे स्क्रीनशॉट काढून विश्वासाच्या माणसाला पाठवून ठेव. ती वही उमेदीसाठी नाही, उद्या वकिलासमोर ठेवायला आहे. दोन्ही वह्या एका जागी ठेवायच्या नाहीत.

आता बातम्यांबद्दल. आमच्याकडे रात्री वीज आली की सगळ्यांचे मोबाइल एकदम चार्जिंगला लागतात आणि सगळ्या बातम्या एकदम येतात. पूर्वी मी अंधारात पडून वाचत बसायचो. आता माझा नेम असा आहे की आपल्याबद्दलची बातमी सकाळी दुकानात वाचायची, तीही पहिला पंप दुरुस्त झाल्यावर. हातानं एक काम पुरं झालेलं असलं की डोकं थाऱ्यावर असतं.

वाचताना मी पहिल्यांदा पाहतो की गोष्ट कुठवर आली आहे. कुणी भाषणात बोललं आहे, की विधेयक मांडलं आहे? एका सभागृहात मंजूर झालं, की दोन्ही? राष्ट्रपतींची सही झाली का, राजपत्रात आलं का, लागू कधीपासून? प्रत्येक पायरीमध्ये दिवस असतात, कधी वर्षं असतात. आणि त्या दिवसांत माणसं कामाला लागतात. मी हे स्वतः पाहिलं आहे. १७ डिसेंबर २०१८ ला लोकसभेत आपल्याबद्दलचं विधेयक मंजूर झालं. त्यात जिल्ह्याची छाननी समिती होती, म्हणजे तू ट्रान्स आहेस की नाही हे समिती बसून ठरवणार. भीक मागायला लावण्याबद्दलचं कलमही होतं, आणि मंगती, म्हणजे लोकांकडं पैसे मागून पोट भरणाऱ्या आपल्या बहिणींना भीती होती की ते त्यांच्यावरच उलटेल. मी तेव्हा पोटात गोळा घेऊन हिंडत होतो, कुणाला सांगायची सोय नव्हती. पण दिल्ली-मुंबईत माणसं रस्त्यावर उतरली, निवेदनं गेली. ते विधेयक राज्यसभेत मंजूर झालंच नाही, लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. पुढं ५ ऑगस्ट २०१९ ला लोकसभेत आणि २६ नोव्हेंबरला राज्यसभेत जे मंजूर झालं, त्यात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. १० जानेवारी २०२० पासून तो कायदा लागू झाला. तो आपल्याला हवा तसा नव्हताच. २०१४ च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टानं आपली लिंगओळख आपण ठरवायचा हक्क मान्य केला होता, आणि या कायद्यानं तरी ओळखीसाठी कलेक्टरचं प्रमाणपत्र मागितलं. पण छाननी समिती गेली, ती आपोआप गेली नाही. बातमी वाचून जीव घाबरला की मी या तारखा स्वतःशी म्हणतो.

भीतीला काहीतरी काम द्यावं लागतं, आणि सगळ्यात चांगलं काम म्हणजे कागदपत्रं. बातमी आली त्या दिवशी पेटी उघडायची. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, नावबदलाची राजपत्रातली नोंद, कलेक्टरचं प्रमाणपत्र असेल तर ते. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. एक संच घरी पत्र्याच्या पेटीत, एक घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडं, एक पिशवीत घालून पिठाच्या डब्यामागं, कारण घर सोडायची वेळ आली तर पेटी उचलता येत नाही. फोटो काढून ईमेलवर ठेव. मी २०२२ मध्ये कलेक्टरच्या प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय पोर्टलवर प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज केला होता. तेव्हाच्या नियमात या प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय तपासणी नव्हती, तरी एका कार्यालयात मला डॉक्टरचा दाखला मागितला. मी नियमाची छापील प्रत काढून टेबलावर ठेवली. हात थरथरत होते, पण कागद बोलला. तू अर्ज करशील तेव्हा त्या वेळचा नियम काय आहे ते आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयात विचार. जिल्हा न्यायालयातच त्यांचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा त्यांचा फोन आहे. नियमाची छापील प्रत मात्र बरोबर ने.

माझ्यासारख्या पोरांना एक जास्तीचं दुखणं आहे. 'तृतीयपंथी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर साडी आणि टाळी येते. त्या बहिणींना हाल भोगावे लागतात, पण त्यांना गुरू असते, घर असतं, नाव असतं. आम्हाला यातलं काही नाही. आम्ही म्हणजे घरात लग्नाला आलेली पोरगी. २०११ च्या जनगणनेत देशभरात ४,८७,८०३ लोक 'इतर' म्हणून मोजले गेले. त्यात मी नाही. मोजणीवाले गुरुजी आमच्या दारात आले तेव्हा बाबांनी मला मुलींत लिहिलं आणि मी आतून ऐकत होतो. म्हणून माझं सांगणं, एक माणूस शोध. दहा नकोत, एक. नागपूरला सारथी ट्रस्टसारखी संस्था आहे, दरवर्षी प्राइड मार्च, म्हणजे आपल्यासारख्यांचा मोर्चा निघतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मार्चमध्ये चाललोच नाही, फुटपाथवर उभा राहून पाहिलं, आणि शेजारी असाच एक जण उभा होता. तो आता दर रविवारी फोन करतो. आम्ही पाऊसपाणी बोलतो, सोयाबीनचा भाव बोलतो. दोन मिनिटं गप्प राहिलो तरी त्याला कळतं.

आणि आपल्यापैकी कोण कुठं पोचलं ते लक्षात ठेव. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला स्त्री म्हणून अर्ज भरला, तो फेटाळला गेला. त्या हायकोर्टात गेल्या, औरंगाबाद खंडपीठानं त्यांना परवानगी दिली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. मत देणारे पुण्या-मुंबईचे नव्हते. खळ्यात, ओट्यावर बसणारीच माणसं ती.

शरीराबद्दल थोडक्यात सांगतो, पण हे हलक्यात घेऊ नको. छाती बांधायला क्रेप बँडेज वापरू नको. मी एका मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, बँडेज आवळून दुकानात बसलो आणि दुपारी खाली पडलो. बँडेज श्वासाबरोबर आणखी आवळतं, बरगड्यांना इजा होते. मापाचं बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा असेल तर आठ तासांच्या वर नको, झोपताना नको, उन्हाच्या कामाला नको. आपल्याकडं उन्हाळ्यात प्रत्येक गड्याच्या खांद्यावर दुपट्टा असतोच, तो पुढं सोडून घे. सैल शर्ट, दोन्ही बाजूंना खिसे. टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन कुणी मित्रानं आणून दिलं म्हणून टोचू नको. डॉक्टर आणि रक्ताची तपासणी याशिवाय ते सुरू करायचं नाही, मग त्यासाठी सहा महिने थांबावं लागलं तरी चालेल.

माझं काम मला सावरतं, म्हणून त्याबद्दल सांगतो. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवरचा पंप गळत असला तर औषध शर्टातून थेट अंगात मुरतं. त्या वर्षानंतर मी हे काम शिकलो. वॉशर बदलणं, नोझल साफ करणं, टाकीचं झाकण घट्ट बसतं का ते पाणी भरून उलटं करून पाहणं. मी पाणी भरून पाहिल्याशिवाय पंप देत नाही. माणूस तो पंप माझ्यासमोर पाठीवर घेतो आणि शेतात जातो, तेव्हा त्यानं माझ्या हातावर आपला जीव ठेवलेला असतो. त्या क्षणी मला दिल्लीची बातमी आठवत नाही. पण एक सांगून ठेवतो: कामाचा आहेस म्हणून तुला मान, असं कुणाला म्हणू देऊ नको. ज्या दिवशी तापानं पडून होतो, एकही पंप झाला नाही, त्या दिवशीही मी पुरुषच होतो.

सणावारी जास्त जपायला लागतं, कारण सणाला बायांची कामं वेगळी आणि गड्यांची वेगळी, आणि आपण मधे उभे. पोळ्याला आमच्या गावात तोरणाखाली बैल गडीच नेतात. मी लहानपणापासून बायांच्या घोळक्यातून झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी ऐकत आलो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मोठ्या बाबांचा गुडघा सुजला होता. त्यांनी कासरा माझ्या हातात दिला, म्हणाले, 'धर पोरा, तुलेच नेणं हाय.' बैलाचे खांदे हळदी-लोण्यानं चोपडलेले, शिंगं रंगवलेली, आणि मी सगळ्या गावादेखत तोरणाखाली. दोघातिघांनी तोंडं फिरवली. ते वहीत नाही. कासरा वहीत आहे.

एखाद्या रात्री वहीही कामी येत नाही. जीव नकोसा वाटला, विहिरीकडं किंवा फवारणीच्या डब्याकडं लक्ष गेलं, तर एकट्यानं रात्र काढू नको. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, रात्रीही लागतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी दोनदा लावला आहे. पहिल्यांदा नाव खोटं सांगितलं, तरी चाललं. आणि औषधाचे डबे घरात असतील तर ते दुसऱ्या कुणाला कुलूप लावून ठेवायला सांग.

बाबांसाठी वहीत मी वेगळं पान केलं आहे. चार वर्षं झाली, ते मला 'आला' म्हणत नाहीत, पण 'आली'ही म्हणत नाहीत. ते वाक्यच असं जुळवतात की क्रियापद माझ्यावर येत नाही. 'जेवण झालं का?' 'बाजाराला जाणं हाय का?' आधी मला याचा राग यायचा. मग एक दिवस लक्षात आलं की सातवी शिकलेला माणूस माझ्याशी बोलताना दर वेळी वाक्य मनात फिरवून घेतो, जुनं तोंडात आलेलं गिळतो, आणि मग बोलतो. दिवसातून दहादा. तुझ्या घरीही कुणी असं बोलत असेल, तर कान देऊन ऐक आणि लिहून ठेव.

कालची नोंद. रात्री उशीर झाला होता, बाबा ओसरीत जागे होते. म्हणाले, 'दुकानातून येणं केव्हा झालं?'

'आत्ताच आलो, बाबा.'

त्यांनी झाकून ठेवलेलं ताट माझ्याकडं सरकवलं.