वीज गेली तरी संप उतू जाऊ नये म्हणून

माशांच्या दोन-तीन टाक्या पाइपने जोडून खाली एकच संप (म्हणजे सगळ्यांचं पाणी जमा होणारी आणि पंपाने ते परत वर पाठवणारी टाकी) ठेवला की वीज जाताच पंप थांबतो. मग वर पाणी चढवणाऱ्या पाइपातूनच ते उलटं खाली ओढलं जातं आणि फरशीवर तळं होतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीतलं एक इंच पाणी म्हणजे जवळपास पावणेपाच लिटर, आणि तशा तीन टाक्या!

१. प्रत्येक टाकीत उतरणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली साधारण एक सेंटिमीटरवर ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. एरवी भोक पाण्याखालीच असल्याने शिंतोडे उडत नाहीत.

२. संप अर्धाच भरून पंप चालू करा, मग मुद्दाम बंद करा. वरचं पाणी उतरायचं थांबू द्या.

३. आता संप काठाखाली दोन इंचांपर्यंत भरा. पंप पुन्हा चालू करून पातळी स्थिरावली की तिथे बाहेरून मार्करने रेघ ओढा. यापुढे पंप चालू असताना या रेघेवर पाणी भरायचं नाही. पाइपात किती, टाकीत किती, हा हिशेब करत बसण्यापेक्षा ही रेघ कितीतरी भरवशाची.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) मात्र विसंबू नका. त्यात शेवाळाचा तुकडा अडकला तरी तो नीट मिटत नाही. भोकही शेवाळाने बुजतं, म्हणून दर वेळी पाणी बदलताना ते टूथपिकने मोकळं करा.