गोव्यात प्रयोगशाळेची इमारत बांधताय? या चुका टाळा

हरित इमारत म्हटली की बैठकीत पहिला प्रश्न येतो तो छतावर सोलर किती बसेल, हा. माझ्या मते इथूनच चुकायला सुरुवात होते. प्रयोगशाळेत वीज खाते ती हवा. दीड मीटर रुंद फ्यूम हूडची (रसायनांच्या वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाची) काच अर्धा मीटर उघडी असेल आणि हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर तासाला 1350 घनमीटर थंड हवा बाहेर जाते. ती परत वापरता येत नाही. तेवढीच नवी हवा बाहेरून घ्यायची, आणि जुलैत ती ओलीचिंब असते. म्हणून हूड किती लागतील ते शास्त्रज्ञांसोबत बसून आधी ठरवा. काच खाली ओढली की पंखा आपोआप मंद होईल अशी यंत्रणा घ्या.

कार्यालयं, वाचनालय आणि प्रयोगशाळा एकाच एसी प्लांटवर टाकू नका. टेबलावर काम करणाऱ्यांना पडवी, खिडकी आणि पंखा वर्षातले बरेच महिने पुरतो.

इमारत बांधून झाली आहे आणि पावसाळ्यात उपकरणांच्या खोलीत बुरशी धरते? बहुतेक ठिकाणी एसी आणखी थंड करतात. त्याने भिंती, डक्ट (हवा वाहून नेणारे नळ) अधिक गार होतात आणि जास्त पाणी सुटतं. आधी बाहेरच्या दाराच्या फटीशी कागदाची पट्टी धरा. ती आत ओढली गेली, तर बाहेर फेकली जाणारी हवा आत सोडलेल्या हवेपेक्षा जास्त आहे आणि इमारत फटीफटीतून पावसाळी हवा पितेय. कोरडी केलेली ताजी हवा वाढवा, मग तापमानाकडे बघा.

‘उत्तरेला ऊन येत नाही’ हा समज पुण्यामुंबईच्या आराखड्यांतूनही येतो. गोवा साधारण 15.5 अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून दुपारचा सूर्य उत्तरेला सरकतो, तो ऑगस्टपर्यंत तिथेच असतो. ऐन उकाड्यात सकाळ-संध्याकाळचं ऊन उत्तरेच्या काचांवर तिरपं पडतं. तिथे उभे आडोसे हवेतच.

खाऱ्या वाऱ्यात पत्र्याचे डक्ट लवकर गंजतात, हे दोनापावल-वास्कोकडे कोणालाही विचारा.

पाण्याचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस धरला, तर हजार चौरस मीटर छतावर 30 लाख लिटर पाणी पडतं. एवढं टाकीत मावणार नाही. ते जांभ्यात मुरवा. पण सड्याचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठाराचा, जांभा सच्छिद्र असतो, त्यात मुरलेलं पाणी पायथ्याच्या झरींना आणि विहिरींना जातं. म्हणून सडा सपाट करून काँक्रीट ओतू नका, आणि सिंकचं सांडपाणी पावसाच्या गटाराला कुठेही जोडलं जाणार नाही याची खात्री करा. रसायनांची पाईपलाईन जमिनीत पुरू नका. ती वेगळ्या रंगाची, उघडी, गळती दिसेल अशी ठेवा आणि नकाशात तिची प्रत्येक जोडणी दाखवा.