चौकोनी टोपी, चष्मा आणि लाइटची उंची

पदवीच्या फोटोंचं काम घेणाऱ्याला कॅमेरा येतच असतो. आयएसओ १००, एफ/८, १/१२५, फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ८५ मिमीची लेन्स नाहीतर क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरवर, ५० ची, विद्यार्थी पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे. एवढं जमूनही फोटो मार खातो, आणि खातो तो डोळ्यांत.

दोष त्या चौकोनी टोपीचा. शिकताना सगळे सांगतात, मुख्य लाइट ४५ अंशांवर, वरून. उघड्या डोक्याला ते ठीक. टोपीची फळी कपाळाच्या पुढे येते आणि वरून येणारा उजेड अडवते. डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाक तेवढं चमकतं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे कळत नाही, प्रिंट हातात आल्यावर कळतं. आणि 'फोटोशॉपमध्ये उचलू' हा विचार सोडाच. उजळून उचललेल्या सावलीत नॉइज, म्हणजे दाणे, येतो, डोळे राखेसारखे दिसतात.

म्हणून सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडून मऊ उजेड देणारा मुख्य लाइट, खाली घ्या. त्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेपेक्षा फार तर वीतभर वर, अंतर चार-पाच फूट. कमरेशी, फ्रेमच्या बाहेर, थर्माकोलची पांढरी शीट तिरपी धरा, म्हणजे उजेड खालून चेहऱ्यावर परततो. टोपी सपाट, पुढची कड भुवईच्या इंचभर वर. मागे सरकवली की ती ताटलीसारखी दिसते. 'हनुवटी खाली' म्हणू नका, फळीही खाली येते. 'हनुवटी पुढे' म्हणा. मग झूम करून बघा: दोन्ही बुबुळांत चमकीचा ठिपका हवा. एकातच असेल तर पुन्हा काढा.

आता खरी गोची. चष्म्याला लाइट वर हवा, टोपीला खाली. लाइट खाली आणला की काचेत पांढरा चौकोन उभा राहतो. इथे घाबरून लाइट परत वर नेला की संपलं. उंची तीच ठेवा आणि स्टँड बाजूला न्या, कॅमेऱ्याच्या रेषेपासून ५०-६० अंशांपर्यंत. चेहरा लाइटपासून किंचित दुसरीकडे वळवा. तरी चमक राहिली तर चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा सेंटीमीटर उचला, म्हणजे काचा थोड्या खाली झुकतील. त्याहून जास्त नको, नाहीतर खालचा थर्माकोल काचेत दिसायला लागतो. काचा काढलेली फ्रेम घालायला देणारे उस्ताद आहेत. मला ते पटत नाही. नंबरचा चष्मा घालणाऱ्याची नजर काचेशिवाय हरवते. रिंग लाइट तर चष्म्यासमोर आणूच नका.

काळा गाऊन कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, फसवतो. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा गाऊन उजळवायला जातो आणि चेहरा पांढराफटक होऊन उडतो. मॅन्युअलवर राहा, चेहऱ्यावर मोजा. गडद पडदा असेल तर मागून एक छोटा लाइट खांद्यावर टाका, नाहीतर गाऊन पडद्यात विरघळतो. भाड्याचे गाऊन चुरगळलेलेच येतात. वाफेची इस्त्री आणि सेलोटेप जवळ असू द्या. हूडच्या, म्हणजे गळ्यातून पाठीवर सोडलेल्या रंगीत कापडाच्या, वजनानं गाऊन मागे ओढला जातो, म्हणून आतून दोन सेफ्टी पिना.

नागपूरचा उन्हाळा हे वेगळंच काम आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि मुली तोंडाला स्कार्फ घट्ट बांधून गाडीवर येतात. गालावर त्याचे वळ, मुलांच्या कपाळावर हेल्मेटचा. आल्या आल्या उभं करू नका. पाणी द्या, पंधरा मिनिटं बसवा. घाम पुसू नका, टिश्यूनं टिपा, मग पावडर. कूलर थेट सेटवर सोडला तर कागदी पडदा ओल धरून लाटा काढतो आणि टोपीचा गोंडा हलत राहतो. कूलर बसायच्या जागी, सेटवर नाही.

हे सगळं एका दिवसात हातात येत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरातल्या कुणाला टोपी-चष्मा घालून बसवा आणि लाइट दोन-दोन इंचांनी खाली आणत दहा फ्रेम काढा. शिकायचंच असेल तर स्टँडला हात लावू देणाऱ्याकडे शिका. जो फक्त बॅगा उचलायला लावतो, त्याच्याकडे वर्ष फुकट जातं.

फोटोची चौकट सैल ठेवा, टोपीभोवती जागा सोडून. कॅमेऱ्याची चौकट ८×१२ ला बसते, ८×१० मागितला की लांबीतले दोन इंच जातात आणि टोपीचा कोपरा कापला जातो. बिनटोपीच्या फ्रेम आधी काढून घ्या. टोपी एकदा घातली की केस दबतात.