रिलीजची तारीख ठरली, टेस्टिंगचं काय? नियोजनातल्या या चुका टाळा

सॉफ्टवेअरच्या प्लॅनमध्ये असतं: डेव्हलपमेंट २० दिवस, टेस्टिंग १०, मग रिलीज. डेव्हलपमेंट २४ दिवसांवर जाते, तारीख हलत नाही, टेस्टिंगला उरतात ६. इथपर्यंतचं गणित सगळ्यांना येतं. पुढचं कुणी मांडत नाही. पहिल्या फेरीला २ दिवस, सापडलेले बग दुरुस्त करायला २, नव्या बिल्डवर, म्हणजे दुरुस्त केलेल्या आवृत्तीवर, पुन्हा तपासायला २. दुसऱ्या फेरीत शेवटच्या संध्याकाळी काही सापडलं, तर ते दुरुस्त करायला दिवसच शिल्लक नाही. आणि सापडतंच, कारण दुरुस्त्यांमधूनही नवे बग येतात.

म्हणजे टेस्टिंगचे दिवस ठरवताना आपण नकळत 'बग निघणार नाहीत' असं धरलेलं असतं. माझ्या मते बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. निदान दोन पूर्ण फेऱ्या, मध्ये दुरुस्तीला वेळ आणि शेवटी थोडी मोकळीक, एवढं प्लॅनमध्ये हवंच. डेव्हलपमेंट लांबली तर एखादं फीचर पुढच्या रिलीजला ढकला. फेरी कापू नका.

'सगळं तपासू' असं लिहून मोकळं होणं. सगळं कधीच तपासून होत नाही. पैशांचे व्यवहार, लॉगिन, साठवलेला डेटा हे आधी. रिपोर्टमधला रंग नंतर. त्याहून उपयोगी यादी असते ती 'काय तपासणार नाही' याची. ती लिहून प्रॉडक्ट मॅनेजरला दाखवली की अर्धे वाद तिथेच मिटतात.

'त्या कोडला हातच लावलेला नाही' यावर विसंबणं. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, झेप घेतल्यावर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून जसंच्या तसं आणलेलं होतं. त्यात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवली जायची. जुन्या रॉकेटवर ती संख्या कधी तेवढी मोठी व्हायचीच नाही. नव्याचा आडवा वेग जास्त, त्यामुळे ती मावली नाही. पर्यायी यंत्रणेवरही तेच सॉफ्टवेअर होतं, तीही तशीच बंद पडली. कोड तोच होता, त्याच्याभोवतीची परिस्थिती बदलली होती. रिग्रेशनची, म्हणजे आधी चालणारं अजून चालतंय का हे पाहण्याची, यादी करताना 'काय बदललं' याच्या जोडीला 'या बदलाला टेकून काय उभं आहे' हेही विचारा.

स्टेजिंगवर (रिलीजआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) खेळण्यातला डेटा. आमच्या एका रिलीजमध्ये डेटाबेस मायग्रेशन, म्हणजे साठवलेल्या डेटाची रचना बदलणारी स्क्रिप्ट, स्टेजिंगवर चुटकीसरशी व्हायचं. टेबलात काहीशे ओळी होत्या. प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या साइटवर, लाखो. स्क्रिप्ट चालू असेपर्यंत टेबल लॉक झालं आणि साइट ताटकळत राहिली. स्क्रिप्टमध्ये बग नव्हताच! तेव्हापासून प्लॅनमध्ये मी एक ओळ घालतो: टेस्ट डेटा किती, कुठून आणायचा, त्यातली खरी नावं-नंबर कोण झाकणार. हे काम कुणाच्या तरी नावावर नसेल तर होत नाही.

रोलबॅक, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर परत जाणं, फक्त कागदावर. जुलै २०१२ च्या अखेरीस नाइट कॅपिटल या अमेरिकन ब्रोकर कंपनीने नवा कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर टाकला, आठवा राहून गेला. १ ऑगस्टला तिथला कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त फटका. त्यातही गोंधळात नीट बसलेल्या सातही सर्व्हरवरून नवा कोड काढला गेला. मग तो जुना कोड तिथेही चालू झाला. मागे फिरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, किती वेळ लागतो, डेटाचं काय होतं, हे स्टेजिंगवर एकदा प्रत्यक्ष करून पाहा. आणि सगळे सर्व्हर मोजा.

थांबायचं कधी, हे आदल्या रात्री ठरवणं. त्या मीटिंगमध्ये दमलेल्या माणसांना प्रत्येक बग किरकोळच वाटतो. निकष टेस्टिंग सुरू होण्याआधी लिहा: डेटा हरवणारा एकही बग उघडा असेल तर रिलीज नाही, 'नाही' म्हणायचा अधिकार अमुक व्यक्तीचा.

रिलीज परवावर आली आहे आणि यातलं काहीच झालेलं नाही? मग आज मुख्य कोडमध्ये नवं काही मर्ज करणं (मिसळणं) बंद करा. मुख्य चार-पाच वाटांची स्मोक टेस्ट (त्या चालतात का एवढीच झटपट तपासणी) आणि रोलबॅकची एक तालीम उद्या दुपारपर्यंत उरका. फीचर फ्लॅग (फीचर चालू-बंद करायचं बटण) असेल तर सुरुवातीला थोड्याच लोकांना उघडा आणि एररचे आकडे बघायला एक माणूस बसवा. रोलबॅकच जमला नाही, तर तारीख पुढे ढकलायचा निरोप उद्या दुपारीच पाठवा.